नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

एका भूगोलकोशाच्या नोंदी तपासायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मध्यंतरी उत्तर कॅनडाचा गठ्ठा आला आणि एका शब्दावरून आम्हा चार-पाच जणांत जी वादावादी झाली, ती अजून माझ्या मनातून जात नाही. शब्द होता ‘स्लेव्ही’. मॅकेन्झी नदीच्या काठाने, ग्रेट स्लेव्ह लेक या अफाट सरोवराच्या पश्चिमेला, आणि खाली ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टाच्या उत्तर कोपऱ्यांत राहणाऱ्या डेने या मूळनिवासी लोकांच्या एका समूहाला इंग्रजी पुस्तकं या नावाने ओळखतात. एका सहकाऱ्याचं म्हणणं, हा शब्द ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम यावरून आलाय, ही शिवी आहे, काढून टाका आणि सरसकट ‘डेने’ लिहा. दुसऱ्याचं म्हणणं, सरकारी कायद्यात हाच शब्द आहे, ते लोक स्वतः तो वापरतात, आपण पुण्यात बसून बदलणारे कोण? खुद्द कॅनडात सरोवराच्या नावावरून वाद निघतो तेव्हाही दोन्हीकडून हेच बोललं जातं. एक बाजू म्हणते शब्द अपमानाचा आहे, दुसरी म्हणते इतिहास पुसू नका.

मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. दोघांनाही वाटतं की प्रश्न शब्दाच्या अर्थाचा आहे. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचा फरक आहे, आणि हा सगळा वाद त्या अनुस्वारापाशी अडकला आहे. नावात निंदा आहे का, एवढंच सगळे तपासतात. ते नाव ठेवलं कुणी आणि ठेवताना विचारलं कुणाला, हे कुणी तपासत नाही. माझं मत आधीच सांगतो: ‘स्लेव्ही’ हे शीर्षक म्हणून जायला हवं. ते कानाला वाईट लागतं हे त्याचं कारण नव्हे. ज्यांचं ते नाव आहे त्यांनी ते स्वतः कधी ठेवलंच नव्हतं, म्हणून ते जायला हवं. आणि त्याच कारणासाठी त्याच्या जागी आपण निवडलेला दुसरा एकच शब्द ठोकून बसवायलाही माझा विरोध आहे.

हे नाव आलं कसं, ते आधी पाहू. 1670 साली हडसन्स बे कंपनी स्थापन झाली आणि कातड्यांच्या बदल्यात बंदुका मिळू लागल्या. हडसन उपसागराजवळच्या क्री या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या हाती त्या आधी पडल्या. पश्चिमेकडच्या डेने लोकांकडे तेव्हा धनुष्यबाण होते. क्रींनी त्यांच्या मुलखावर धाडी घातल्या, माणसं पकडून नेली आणि त्या लोकांना क्री भाषेत ‘अवोकानाक’, म्हणजे बंदिवान, गुलाम, म्हणू लागले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी पश्चिमेच्या या लोकांविषयी पहिल्यांदा ऐकलं ते क्रींच्या तोंडून. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याचं भाषांतर ‘एस्क्लाव्ह’ केलं, इंग्रजांनी ‘स्लेव्ह’ केलं, पुढे कुणी शेवटी एक ‘वाय’ जोडून त्याचं ‘स्लेव्ही’ केलं. म्हणजे माणसांशी गाठ पडायच्या आधी त्यांचं नाव व्यापाऱ्यांच्या वहीत चढलं होतं. मग तेच नदीला लागलं, सरोवराला लागलं, अल्बर्टातल्या धाकट्या सरोवराला आणि त्याच्या काठच्या गावालाही लागलं. 614 मीटर खोल, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यांत खोल सरोवर, आणि त्याच्या नावात त्याच्या खोलीचा, पाण्याचा, माशांचा कशाचाच पत्ता नाही. आहे ती फक्त एका शेजाऱ्याच्या धाडीची आठवण.

अशा नावाने काय होतं हे एका बाईच्या गोष्टीतून मला जितकं कळलं तितकं कुठल्या ग्रंथातून कळलं नाही. ती या समूहातली नव्हे, त्यांच्या शेजारच्या डेने सुलिने लोकांतली. इंग्रजी पुस्तकं त्यांना चिपेवायन म्हणतात, आणि तेही क्रींनीच दिलेलं नाव. 1713 साली क्रींनी तिला पकडून नेलं. ती निसटली आणि 1714 च्या नोव्हेंबरात उपसागराच्या काठी यॉर्क फॅक्टरी या कंपनीच्या ठाण्यावर पोचली. तिथला अधिकारी जेम्स नाइट याला क्री आणि डेने यांच्यात समेट हवा होता, कारण त्याशिवाय व्यापार पुढे सरकत नव्हता. 1715 च्या उन्हाळ्यात तो विल्यम स्टुअर्ट या माणसाबरोबर दीडेकशे क्रींचा तांडा पाठवतो आणि तिला वाटाडी व दुभाषी म्हणून सोबत देतो. वाटेत उपासमार, आजारपण, तांड्याची फाटाफूट. शेवटी ती एकटी पुढे जाऊन आपल्या लोकांना शोधते, घसा बसेपर्यंत त्यांची समजूत घालते आणि त्यांना क्रींसमोर आणून बसवते. समेट होतो. 1717 च्या फेब्रुवारीत ती त्याच ठाण्यावर आजाराने मरण पावते. नाइटने तिच्याविषयी पानंच्या पानं लिहिली आहेत, मोठ्या आदराने लिहिली आहेत. पण त्या पानांत तिचं नाव काय आहे? ‘स्लेव्ह वुमन’. गुलाम बाई. जिने दोन लोकांमधलं वैर मिटवलं, तिला कंपनीच्या दप्तरात नाव नाही. थानाडेल्थर हे तिचं नाव आपल्याला कळतं ते डेने आज्यांनी नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींतून. नाइट दुष्ट नव्हता. त्याच्या वहीत त्या लोकांसाठी जो रकाना होता, त्यात त्याने तिला टाकलं, इतकंच.

आता विरोधी बाजूचं सगळ्यांत बळकट म्हणणं घेऊ. जगात निम्म्या लोकांची नावं शेजाऱ्यांनीच ठेवलेली आहेत. जर्मन माणूस स्वतःला ‘डॉइच’ म्हणतो, आपण त्याला जर्मन म्हणतो, आणि त्याचं काही बिघडत नाही. वेल्श हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘परका’ या अर्थाचा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गुलाम असाही होता. वेल्श लोक त्या नावाने शतकानुशतकं जगले. खुद्द ‘स्लेव्ह’ हा शब्दच स्लाव लोकांवरून पडला. मध्ययुगात त्यांना इतक्या संख्येने पकडून विकलं गेलं की लोकांचं नाव हेच धंद्यातल्या मालाचं नाव झालं. तरी स्लाव आपलं नाव टाकत नाहीत. मग डेने लोकांनीच का कुरकुर करावी?

या युक्तिवादाला मी हलकं समजत नाही. पण त्यातली उदाहरणं नीट पाहिली की तो उलटा फिरतो. स्लाव हे त्यांचं स्वतःचं नाव होतं, बदनाम केलं ते इतरांनी. आपलं नाव त्यांनी का सोडावं? जर्मनांना आपण काय म्हणतो याने फरक पडत नाही, कारण त्यांच्या देशाचं नाव, त्यांचा पासपोर्ट, त्यांचे करार त्यांच्या भाषेत त्यांच्या नावाने होतात. वेल्श लोकांचं म्हणाल, तर त्यांनी स्वतःला नेहमी ‘कम्री’च म्हटलं, आणि 2022 साली स्नोडोनिया या राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापनाने ‘एरेरी’ हे जुनं वेल्श नाव वापरायचा निर्णय घेतला. म्हणजे तिथेही लोक गप्प बसलेले नाहीत. परक्याने दिलेलं नाव सोसतं ते कुणाला? ज्याच्या हातात स्वतःचं नाव लिहिलेला कागद असतो त्याला. डेने लोकांच्या हातात कुठला कागद होता? 1921 चा करार क्रमांक 11 काढून बघा. सुमारे 3,72,000 चौरस मैल मुलखाचा तो कागद. एका बाजूला ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज, आणि दुसऱ्या बाजूला कोण? ‘स्लेव्ह, डॉगरिब, लूशू, हेअर आणि इतर इंडियन’. गुलाम, कुत्र्याची बरगडी, तिरळे आणि ससे. चारही नावं बाहेरच्यांनी ठेवलेली. त्याच कागदाच्या आधारावर सरकार पुढे म्हणत राहिलं की या लोकांनी जमिनीवरचा हक्क सोडला. 1973 साली न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांनी करार प्रत्यक्ष पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी घेतल्या, तेव्हा जमीन सोडल्याचं त्या लोकांना खरंच कळलं होतं का, अशी शंका त्यांना निकालात नोंदवावी लागली. ज्या कागदावर माणसांचं नावसुद्धा त्यांना विचारून लिहिलेलं नाही, त्यावर त्यांची संमती आहे असं कसं समजायचं?

शेजाऱ्याने ठेवलेलं नाव निरुपद्रवी असतं हे आपल्याला तरी कुणी सांगू नये. आपल्या गावांच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांना जातीवरून नावं कुणी दिली? कुठल्या परदेशी व्यापाऱ्याने दिली नाहीत, गावानेच दिली. ती सातबाऱ्यावर आली, मतदार यादीत आली, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर आली. ती नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2020 च्या डिसेंबरात घेतला. इतकी वर्षं ‘आम्ही काही वाईट अर्थाने म्हणत नाही’ असंच गाव म्हणत होतं.

अर्थाच्या मुद्द्यावर माझा सहकारी अडून बसला होता, म्हणून तो जरा सावकाश मांडतो. करारातल्या ‘डॉगरिब’ लोकांनी पुढे आपलं इंग्रजी नाव टाकलं आणि आपल्या भाषेतलं ‘त्लिंचों’ घेतलं. 2005 साली त्यांचा स्वशासनाचा करार अमलात आला तो याच नावाने. त्लिंचों म्हणजे काय? ‘त्लिं’ म्हणजे कुत्रा आणि ‘चों’ म्हणजे बरगडी. अर्थ तोच! रोमन लिपीत लिहिताना या ‘चों’मधल्या स्वराखाली ते एक बारीक शेपटी काढतात, स्वर नाकातून म्हणायचा म्हणून. ती शेपटी काढली की उरतं ‘चो’, म्हणजे मोठा. आपल्या अनुस्वारासारखंच हे काम आहे, एका खुणेने बरगडीचं थोरपण होतं. हे लोक आपल्या नावातला कुत्रा झाकायला गेले नाहीत. त्यांच्यात त्या कुत्र्याची जुनी गोष्ट आहे, ती त्यांची आहे. फक्त ती गोष्ट इंग्रजीने सांगायची नाही, त्यांनी सांगायची.

आता याच्या समोर आपलं एक उदाहरण ठेवा. ‘हरिजन’ या शब्दाचा अर्थ किती सुंदर, देवाची माणसं. देणाऱ्याचा हेतूही चांगला होता. तरी 1938 साली मुंबई विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द आला तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी हरकत घेतली आणि सभात्याग केला. ज्यांचं नाव ठेवायचं त्यांना ते नको होतं. पुढे जे नाव रस्त्यावर उतरलं ते ‘दलित’, शब्दशः चिरडलेला. 1972 साली पँथरच्या पोरांनी ते छातीवर लावलं. गोड अर्थाचं दिलेलं नाव नाकारलं गेलं आणि कडू अर्थाचं घेतलेलं नाव अभिमानाचं झालं, हे ज्या भाषेने पाहिलं आहे, तिच्यात तरी ‘स्लेव्ही’चा वाद शब्दार्थावर घालू नये.

दुसरी हरकत अशी की ते लोक स्वतःच इंग्रजीत बोलताना ‘स्लेव्ही’ म्हणतात. खरं आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या 11 अधिकृत भाषांत ‘नॉर्थ स्लेव्ही’ आणि ‘साउथ स्लेव्ही’ अशी दोन नावं कायद्यानेच लिहिलेली आहेत. कित्येक वडीलधारी माणसं ते सहज उच्चारतात, आणि त्यांना कुणी बाहेरून येऊन ‘तुमचं चुकतंय’ म्हणावं, हे मला अजिबात मान्य नाही. पण सहज उच्चारणं म्हणजे निवडणं का? माझ्या आजीचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुशीला’ असं लिहिलं, आणि त्यानंतर साठ वर्षं ती सुशीला म्हणूनच सही करत आली. नाव चांगलं होतं, घर चांगलं होतं. पण तिचा थोरला भाऊ दर भाऊबीजेला यायचा आणि दारातूनच ‘द्वारके’ अशी हाक मारायचा, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ज्या पावलांनी बाहेर यायची, ती पावलं मी पाहिली आहेत. ‘आजीला काही हरकत नव्हती’ असं आमच्या घरात कुणीही सांगेल. तिला कुणी विचारलं होतं का, याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही. ज्या मुलखात मिशनच्या शाळांनी पोरांच्या तोंडून त्यांची भाषाच काढून घेतली, तिथल्या म्हाताऱ्या माणसाने इंग्रजी कारकुनासमोर इंग्रजी नाव सांगितलं, तर त्याला आपण पसंती म्हणायचं?

आणि आपसात ते स्वतःला काय म्हणतात? इथे माझ्या पहिल्या सहकाऱ्याची चूक सुरू होते. ‘डेने’ म्हणजे माणसं. तो शब्द त्यांचा आहे, पण एकट्या त्यांचा नाही. त्लिंचोंही डेने, डेने सुलिनेही डेने, आणि हजारो किलोमीटर दक्षिणेला ज्यांना आपण नवाहो म्हणतो, तेही स्वतःला ‘दिने’च म्हणतात. ज्यांना पुस्तकं ‘स्लेव्ही’च्या एका पोत्यात भरतात, ते नदीवरून, सरोवरावरून आपली ओळख सांगतात. ‘देह’ म्हणजे नदी, ‘चो’ म्हणजे मोठी. मॅकेन्झीचं नाव देह चो, म्हणून तिच्या काठचे ते देहचो डेने. उत्तरेला ग्रेट बेअर लेकचं नाव सातू, तिथले ते सातू डेने. त्यांच्यातही के-आशो गोतिने आणि शिता गोतिने असे निराळे गट आहेत, इंग्रजांनी त्यांना ‘ससे’ आणि ‘डोंगरी’ म्हणून वेगळं काढलं होतं. अल्बर्टात आहेत ते डेने था. या सगळ्यांवर एकच चादर टाकली ती व्यापाऱ्यांनी आणि नंतर भाषाशास्त्राने. ती चादर मळकी आहे म्हणून धुऊन पुन्हा अंथरायची, असा सहकाऱ्याचा प्रस्ताव होता. मला ती चादरच नको. एका शब्दाच्या जागी पाच शब्द लिहावे लागतील, कोशाची चार ओळी जागा जाईल. जाऊ दे.

तिसरी हरकत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. भाषा मरते आहे, जमिनीचे दावे दशकानुदशकं लोंबकळत आहेत, आणि तुम्ही नावं बदलत बसलाय; पाट्या बदलणं स्वस्त असतं म्हणून सरकारं तेवढंच करतात. आपल्याकडे शहरांची नावं बदलताना हे पाहिलेलं असल्यामुळे कुणालाही ते पटेल. पण वरून आलेला पाटीबदल आणि खालून आलेलं नाव यांत फरक आहे. 19 जुलै 1975 ला फोर्ट सिम्पसन या गावात डेने लोक जमले आणि त्यांनी जाहीरनामा मंजूर केला. आम्हाला एक राष्ट्र म्हणून मान्यता हवी, हे त्यात त्यांनी मागितलं, आणि ते ‘डेने’ या नावाने मागितलं. तेव्हा मॅकेन्झी खोऱ्यातून वायूची नळवाहिनी न्यायची सरकार आणि कंपन्यांची तयारी चालू होती. न्यायमूर्ती थॉमस बर्जर गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकत होते. 1977 च्या अहवालात त्यांनी दहा वर्षं नळवाहिनी नको, आधी जमिनीचे हक्क मिटवा, असं सांगितलं. 1978 साली या लोकांच्या संघटनेने आपल्या नावातलं ‘इंडियन ब्रदरहुड’ काढलं आणि ‘डेने नेशन’ केलं. ‘स्लेव्ह’ आणि ‘हेअर’ म्हणून कुणी राष्ट्राचा हक्क मागू शकलं असतं का? इथे नाव आधी आलं आणि त्याच्या जोरावर जमिनीची मागणी उभी राहिली.

नकाशे कोलमडतील, ही भीती फार वेळ घेण्यासारखी नाही. सातूच्या काठचं फोर्ट फ्रँकलिन 1993 साली डेलिने झालं, म्हणजे पाणी वाहतं ती जागा. फोर्ट नॉर्मनचं 1996 साली तुलिता झालं. 2016 साली ट्राउट लेकचं सांबा के झालं, आणि त्याचाही अर्थ ट्राउट माशांची जागाच. विमानं उतरतात, टपाल पोचतं. ज्या गावात तो जाहीरनामा झाला त्या फोर्ट सिम्पसनचं नाव कंपनीचे गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यांच्यावरून पडलेलं. तिथल्या लोकांच्या तोंडी ते लीडली क्वे आहे, नद्या एकत्र येतात ती जागा. लिआर्ड आणि देह चो तिथे मिळतात. कऱ्हाडच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागेल का?

सरोवराच्या बाबतीत एक खरी अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. त्याच्या काठी एकच लोक राहत नाहीत. देहचो त्याला ‘तू चो’ म्हणतात, डेने सुलिने ‘तू नेधे’ म्हणतात, त्लिंचोंचं आणखी निराळं. ‘तू’ म्हणजे पाणी, आणि अर्थ सगळ्यांचा एकच, मोठं पाणी. मग अधिकृत कुठलं? विरोधक इथे हसून म्हणतात, बघा, यांचं यांच्यातच ठरत नाही, तोवर इंग्रजी नाव राहू द्या. पण दोन भावंडांत घराच्या नावावरून मतभेद आहे म्हणून दारावर सावकाराची पाटी ठेवायची, हा कुठला न्याय? ठरवायला वेळ लागेल तर लागू दे, आणि दोन-तीन नावं शेजारी शेजारी लिहायची वेळ आली तर लिहावीत. गंगेला पद्मा म्हणणारे लोक आहेत, ब्रह्मपुत्रेला त्सांगपो आणि जमुना म्हणणारे आहेत, आणि आपल्या कोशांनी ती सगळी नावं आनंदाने छापली आहेत.

हे सगळं बोलून झाल्यावर आम्ही भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांची यादी उघडली, नोंदीत संकेत द्यायचा होता. तीन रोमन अक्षरं आहेत, डी, ई, एन. डेने या शब्दाची पहिली तीन अक्षरं. त्याच ओळीत पुढे भाषेचं नाव छापलंय: ‘स्लेव्ह’, आणि कंसात अथापास्कन, म्हणजे तिच्या भाषाकुळाचं नाव. फ्रेंच रकान्यात ‘एस्क्लाव्ह’. ज्याने ही ओळ भरली त्याला त्या लोकांचं खरं नाव ठाऊक होतं. एमिल पेतितो या मिशनऱ्याने 1876 सालीच पॅरिसमध्ये छापलेल्या शब्दकोशाच्या नावात ‘डेने’ लिहिलेलं होतं. म्हणजे माहिती नव्हती म्हणून असं झालं, हेही म्हणता येत नाही.

आमच्या कोशात आता देहचो डेने आणि सातू डेने अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत, डेने था ही तिसरी. ‘साउथ स्लेव्ही’ आणि ‘नॉर्थ स्लेव्ही’ या भाषांच्या नोंदी अनुक्रमे ‘डेने झातिए’ आणि ‘डेने केदे’ या नावांनी लागल्या आहेत. सरोवराची नोंद ‘तू चो / तू नेधे’ अशी आहे, आणि पहिल्याच ओळीत लिहिलंय की इंग्रजी नकाशांवर याचं नाव ग्रेट स्लेव्ह लेक. ‘स्लेव्ही’ शोधत येणाऱ्या वाचकासाठी स-मध्ये एका ओळीची नोंद ठेवली आहे: क्री लोकांनी दिलेलं, व्यापाऱ्यांनी भाषांतरित केलेलं नाव, पाहा देहचो डेने, सातू डेने, डेने था. थानाडेल्थरची नोंद आधी नव्हती. ती थ-मध्ये घातली आहे.